क्रूझर घ्यायची? आधी महिने मोजा

दिवाळीच्या फराळाला आमच्या पासिर रिसच्या घरी चार-पाच कुटुंबे जमली होती. चकलीचा डबा अर्ध्यावर आला आणि एका मित्राने हळूच मोबाइल काढून सगळ्यांना एक छायाचित्र दाखवले. काळीभोर टाकी, आरशासारखे चकाकणारे क्रोम, रुंद हँडल, खाली बसकी सीट. ४०० सीसीची जुनी जपानी क्रूझर, किंमत साडेसहा हजार डॉलर. "मुलगी विद्यापीठात गेली, पन्नाशी जवळ आली, आता एवढी एक हौस करतोच," तो म्हणाला.

मग काय, मतांचा पाऊस पडला. कुणी म्हणाले बुलेट घे, कुणी म्हणाले थोडे थांब आणि हार्ले घे. त्याच्या सौभाग्यवतींनी "आधी घरातली गळती दुरुस्त करा" असे सुनावले. मी दोनच प्रश्न विचारले : गाडीच्या सीओईची मुदत कधी संपते? आणि गाडीची पहिली नोंदणी कोणत्या साली झाली? त्याला इंजिनाचा आवाज तोंडपाठ होता, टाकीच्या रंगाचे नाव ठाऊक होते. पण या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नव्हती. हा लेख त्या दोन प्रश्नांसाठी.

आरोग्य आणि अर्थ या सदरात आपण रक्तदाब, विमा, सीपीएफ यांविषयी वाचतो. त्यात मोटारसायकल कुठून आली, असे कुणी विचारील. पण घरातले पैसे आणि स्वतःचे शरीर, दोन्ही एकाच व्यवहारात पणाला लावणारी दुसरी वस्तू निदान मला तरी ठाऊक नाही.

तिकडचा हिशेब इकडे चालत नाही

आपल्यापैकी बहुतेकांचे वाहनाविषयीचे संस्कार महाराष्ट्रात झाले. आकुर्डीच्या कारखान्यातल्या चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे, कुणीकुणी तर दहा-दहा वर्षे वाट पाहत. एकदा स्कूटर दारात आली की ती वडिलांनी चालवायची, मग थोरल्याने, मग धाकट्याने, आणि शेवटी गावाकडच्या भाच्याला द्यायची. जुनी गाडी म्हणजे घरातली वस्तू. ती जितकी वर्षे चालेल तितकी आपली कमाई, हा साधा हिशेब आपल्या रक्तात भिनलेला आहे.

सिंगापूरमध्ये तो उलटा होतो. तिकडे गाडी मिळायला दहा वर्षे लागत. इकडे मिळालेल्या गाडीचा परवानाच दहा वर्षांचा असतो. १९९० साली इथे वाहनांची कोटा पद्धत सुरू झाली आणि नवे वाहन नोंदवायचे तर आधी बोली लावून सीओई, म्हणजे वाहन बाळगण्याचा हक्क, विकत घेणे आले. मोटारसायकलींचा गट 'डी'. २०११-१२ च्या सुमारास या गटाची बोली दोन हजार डॉलरच्या आसपास असे. २०२२ मध्ये तिने प्रथमच दहा हजारांची वेस ओलांडली आणि त्याच वर्षी ती बारा हजारांच्याही वर गेली. म्हणजे हक्काची किंमत लोखंडाच्या किमतीपेक्षा जास्त!

दहा वर्षे संपली की दोन वाटा. गाडी नोंदणीतून काढून टाका, नाहीतर मागच्या तीन महिन्यांच्या बोलीची सरासरी, जिला इथे पीक्यूपी म्हणतात, ती भरून मुदत वाढवा. पूर्ण रक्कम भरली तर दहा वर्षे मिळतात, निम्मी भरली तर पाच. पण पाच वर्षांची वाढ घेतली की त्यानंतर पुन्हा वाढ नाही. मुदत संपण्याआधी गाडी काढून टाकली तर भरलेल्या सीओईचा उरलेल्या काळापुरता भाग परत मिळतो. मोटारगाडीला नोंदणी शुल्काचाही काही परतावा असतो, तो मोटारसायकलीला नाही.

एवढे समजले की माझे म्हणणे लक्षात येईल. सिंगापुरात जुनी मोटारसायकल घेणारा माणूस गाडी विकत घेत नाही. तो महिने विकत घेतो. गाडी त्या महिन्यांबरोबर येते.

चार हजार आठशेची स्वस्ताई

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः चार हजार आठशे डॉलर मोजून एक जुनी क्रूझर घेतली. विक्रेता गोड बोलला, गाडी धुऊन-पुसून ठेवलेली होती, आणि "इतक्या किमतीत अशी गाडी दुसरीकडे दाखवा" हे त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. सीओईचे सोळा महिने उरले होते. "तेव्हाचे तेव्हा पाहू," असे मी म्हटले.

घरी आल्यावर आमच्या सौ.ने, ज्या घरखर्चाची वही गेली वीस वर्षे लिहीत आहेत, एकच प्रश्न केला : "महिन्याला किती पडली?" चार हजार आठशे भागिले सोळा, म्हणजे महिन्याला तीनशे डॉलर. पेट्रोल, विमा, पार्किंग, दुरुस्ती वेगळीच. त्याच सुमारास मी एक साधी, कमी चकचकीत गाडी सहा हजारांना मिळत असताना महाग म्हणून सोडली होती. तिचे पन्नास महिने उरले होते. सहा हजार भागिले पन्नास, म्हणजे महिन्याला एकशे वीस. महाग म्हणून सोडलेली गाडी स्वस्त होती आणि स्वस्त म्हणून घेतलेली अडीचपट महाग. सोळा महिन्यांनी पीक्यूपी भरण्याची ऐपत नव्हती, म्हणून गाडी गेली. हातात उरले दोन हेल्मेटे आणि एक धडा.

या हिशेबात आणखी एक बारकावा आहे. परतावा मिळतो तो त्या गाडीसाठी मुळात भरलेल्या सीओईवर. समजा, एखाद्या गाडीसाठी ९,६०० डॉलर भरले असतील, तर दर महिन्याचे ८० डॉलर झाले. पन्नास महिने उरले असताना तिची निव्वळ कागदी किंमत ४,००० डॉलर होते. उद्या इंजिन बसले, नोकरी गेली किंवा भारतात परतायचे ठरले, तरी तेवढे पैसे, दर महिन्याला ८० नी कमी होत, सुरक्षित असतात. उलट सीओई स्वस्त असताना नोंदलेल्या गाडीची कागदी किंमत फारच थोडी. तेव्हा विक्रेत्याला वनमोटरिंगच्या संकेतस्थळावरचा गाडीचा तपशील आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावे. पहिल्या नोंदणीची तारीख, सीओई संपण्याची तारीख, भरलेली रक्कम आणि आजवर किती वेळा मालक बदलले, या चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. गाडीवर कर्ज शिल्लक नाही याचीही खात्री करावी. दाखवायला जो का-कू करतो, त्याला नमस्कार करून निघावे.

२००३ ची रेघ

आता मित्राच्या गाडीकडे वळू. १ जुलै २००३ पूर्वी नोंदलेल्या मोटारसायकलींचा धूर जास्त, म्हणून २०१८ साली सरकारने नियम केला, की अशा गाड्या ३० जून २०२८ नंतर रस्त्यावर चालवता येणार नाहीत. पीक्यूपी भरायची तयारी असली तरी त्या तारखेपुढे मुदत नाही. व्हिंटेज गाड्यांच्या योजना वेगळ्या, पण तो श्रीमंतांचा छंद झाला.

चित्रपटात शोभतील अशा ४०० सीसीच्या जपानी क्रूझर, होंडा स्टीड किंवा यामाहा विरागो यांसारख्या, ही मुख्यतः १९९० च्या दशकातली पिढी. आपल्या मित्राची गाडी याच पिढीतली. म्हणजे साडेसहा हजार देऊन तो जे घेणार होता, त्याला एक पक्की शेवटची तारीख होती. विक्रेत्याने खोटे काहीच सांगितले नाही. फक्त विचारले नाही म्हणून सांगितले नाही. जुन्या गाडीच्या व्यवहारात फसवणूक अशीच, न बोललेल्या वाक्यातून होते.

परवाना आणि पायरी

दुसरी अडचण परवान्याची. भारतात कॉलेजात बुलेट चालवली होती, हे इथे सांगून उपयोग नाही. इथल्या रहिवाशाला बारा महिन्यांच्या आत इथलाच परवाना घ्यावा लागतो. तोही पायरीपायरीने. २०० सीसीपर्यंत वर्ग २बी, ४०० सीसीपर्यंत २ए, त्याच्या वर वर्ग २. आणि प्रत्येक पायरीवर किमान एक वर्ष. २बी मिळाल्यापासून मोठ्या क्रूझरला हात लावायला निदान दोन वर्षे हवीत.

अनेकांना हा जाच वाटतो. मला तो बेताच्या खिशाच्या माणसावर केलेला उपकार वाटतो. ज्याला मोठी गाडी घ्यायचीच आहे, त्याला दोन वर्षे लहान गाडीवर काढावी लागतात आणि तेवढ्यात निम्म्यांचा भ्रम उतरतो. उरलेल्यांना गाडी चालवता येऊ लागते.

मग बजेटात काय बसते? २बी वर्गात होंडा फँटम टीए २०० ही २०० सीसीच्या आतली, क्रूझरच्या ठेवणीची गाडी इथे वर्षानुवर्षे लोकप्रिय आहे. इंजिन साधे, हवेवर थंड होणारे; दुरुस्ती करणारे ठिकठिकाणी आहेत. मात्र तिच्याही नोंदणीचे साल पाहिल्याशिवाय हात लावू नये. २ए वर्गात आपल्या ओळखीची रॉयल एनफिल्ड मिटिओर ३५० येते : ३४९ सीसी, सुमारे वीस अश्वशक्ती, वजन १९१ किलोच्या आसपास. वर्ग २ मध्ये होंडा रेबेल ५०० किंवा कावासाकी व्हल्कन एस. त्या गाड्या उत्तम आहेत; पण २०१७ पासून मोटारसायकलींचे नोंदणी शुल्क टप्प्याटप्प्याने वाढते केले आहे. मूळ किमतीच्या पहिल्या पाच हजारांवर १५ टक्के, पुढच्या पाच हजारांवर ५० टक्के आणि त्यावर १०० टक्के. मोठ्या गाडीच्या किमतीत हा कर मुरलेला असतो आणि जुनी घेताना आपण त्याचाही वाटा उचलतो.

आणि मोठ्या इंजिनाचे इथे करायचे काय? एक्सप्रेसवेवर जास्तीत जास्त ९० ची मर्यादा. बेट पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. पासिर रिसहून लोयांग अव्हेन्यूने चांगी व्हिलेजला जायचे, कोपी प्यायची आणि समुद्राचा वारा खात परत यायचे, याला २०० सीसी पुरते आणि ३५० सीसी उरते.

गाडी पाहायला जाताना

गाडी सकाळी पाहावी आणि पोचल्याबरोबर इंजिनाला हात लावून पाहावा. ते आधीच गरम असेल तर मालकाने थंड इंजिनाची तक्रार आपल्यापासून लपवली असण्याची शक्यता आहे. चालू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर तेल जळते आहे असे समजावे. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नसावा. पुढचे चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे फिरवावे. मध्ये कुठे अडकल्यासारखे वाटले तर बेअरिंग गेले. साखळीच्या चाकाचे दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर सगळा संच बदलावा लागणार. टायरच्या कडेला चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर पावसात दगा देते.

पासिर रिस, लोयांग, चांगी या आपल्या भागात खारी हवा आहे. क्रोमवर नव्हे, क्रोमच्या खाली पाहावे : सायलेन्सरचा सांधा, तारेच्या चाकांचे टोक, टाकीच्या झाकणाच्या आतली कड. गंज तिथे आधी धरतो.

क्रूझरच्या बाबतीत आणखी एक खास धोका. या गाड्यांवर आधीच्या मालकांनी हौस भागवलेली असते : उंच हँडल, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कापलेली मागची सीट. इथे बदललेला सायलेन्सर एलटीएच्या मान्यतेचा नसेल तर दंड चालवणाऱ्याला, आणि तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी तपासणी असते, तिथेही ती नापास होणार. तेव्हा मूळ स्थितीतली, जराशी कंटाळवाणी दिसणारी गाडी पसंत करावी. गाड्यांमधले काही समजत नसेल तर चार पैसे देऊन जाणत्या मेकॅनिकला बरोबर न्यावे. लग्नासाठी मुलगी पाहायला दहा जण जाणारे आपण, गाडी पाहायला मात्र एकटेच जातो!

कंबर, गुडघे आणि माकडहाड

क्रूझर आरामाची गाडी असते, हा समज अर्धाच खरा आहे. सीट खाली असल्याने बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात, हा मोठा फायदा. पण पाय पुढे पसरलेले असल्यामुळे खड्ड्यातला धक्का पायांवर घेता येत नाही. तो थेट माकडहाडावर आणि कंबरेच्या मणक्यांवर बसतो. हँडल लांब असेल तर खांदे आणि मान दुखू लागतात. चाळिशीनंतर ज्यांना कंबरेचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, मग विक्रेत्याशी.

विक्रेत्याकडे गाडीवर दहा मिनिटे नुसते बसून पाहावे. पाच मिनिटे कुठलीही सीट चांगली वाटते. मग खाली उतरून, इंजिन बंद ठेवून गाडी मागे ढकलून पाहावी. आपल्या बहुमजली पार्किंगच्या उतारावर १९० किलोचे धूड एकट्याने वळवणे हीच खरी परीक्षा. तिथे दम लागला तर ती गाडी आपली नव्हे, मग ती कितीही देखणी असो. सहचारिणीला मागे बसवायचे असेल तर तिलाही बरोबर न्यावे. क्रूझरची मागची सीट पुष्कळदा नावापुरती असते. दहा वर्षांखालच्या मुलांना मागे बसवायला इथे कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आता न आवडणारी गोष्ट. सिंगापूरच्या रस्त्यांवर सात वाहनांमागे साधारण एक मोटारसायकल; पण अलीकडच्या वर्षांत अपघाती मृत्यूंमध्ये दुचाकीवरच्या माणसांचा वाटा निम्मा किंवा त्याहून अधिक राहिला आहे. म्हणून माझे ठाम मत असे, की ज्या गाडीनंतर हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांसाठी पैसे उरत नाहीत, ती गाडी आपल्या बजेटात बसतच नाही. पडताना माणूस आधी हात टेकतो. तळव्याची कातडी नवी मिळत नाही. उकाडा होतो म्हणून जाळीचे जाकीट मिळते, पण शर्टावर निघू नये. चांगले ब्रेक आणि एबीएस असलेली गाडी मिळत असेल तर क्रोमवर पाणी सोडावे.

विम्याचेही तसेच. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण त्यात आपले स्वतःचे हातपाय येत नाहीत. आपला आयुर्विमा आणि अपघात विमा मोटारसायकल चालवण्याला चालतो की नाही, हे पॉलिसी काढून वाचावे. काहींत ते वगळलेले असते. मेडिशील्ड लाइफ हे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी आहे. नोकरीच्या पासवर असलेल्यांनी कंपनीचा विमा किती रकमेपर्यंतचा आहे ते पाहावे. दावा न केल्याची सवलत मोटारसायकलीला तीन वर्षांनंतर २० टक्क्यांपर्यंतच जाते, म्हणून पहिल्या वर्षीचा हप्ता जड जातो. तो आधी विचारून घ्यावा, गाडी घेतल्यावर नव्हे.

मग घ्यावी की नाही?

आठ हजार डॉलरच हाताशी असतील तर मी म्हणेन, सहा हजारांच्या वर गाडी पाहू नका. उरलेले दोन हजार विमा, अंगावरचे संरक्षक कपडे, टायर-ब्रेक आणि अडीअडचण यांसाठी वेगळे काढा. निदान चार वर्षे उरलेली, २००३ नंतरची, मूळ स्थितीतली, आपल्या हाताला पेलणारी गाडी शोधा. आणि मुलांच्या शिक्षणाच्या किंवा गावाकडच्या आईवडिलांच्या पैशाला हात लावून कोणतीच गाडी घेऊ नका.

कुणी म्हणेल, पासिर रिसला एमआरटीचे स्टेशन दारात असताना हा खटाटोप हवाच कशाला? हिशेबाने त्यांचे बरोबर आहे. पण माणूस नुसत्या हिशेबावर जगत नाही. रविवारी पहाटे रस्ते रिकामे असताना, रात्रीच्या पावसाने झाडे धुतलेली असताना, चांगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाण्यात जे सुख आहे, ते मी नाकारणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की हौसेला मोल नसते ही म्हण दुकानदारांनी काढलेली असावी. हौसेला मोल असते, आणि इथे ते महिन्यांत मोजतात.

मित्राने काय केले? दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याला फोन करून दोन्ही तारखा विचारल्या. गाडी २००१ ची निघाली. इसारा दिलेला नव्हता, म्हणून बचावला. आता तो दर शनिवारी २बीच्या वर्गाला जातो, कोनांमधून वेडीवाकडी वळणे घेत, विशीतल्या पोरांच्या रांगेत. एकदा पडलासुद्धा, गुडघा खरचटला. पण परवा भेटला तेव्हा मोबाइल काढून छायाचित्र दाखवले नाही. खिशातून एक छोटी वही काढली. तिच्यात चार गाड्या लिहिल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे एकच आकडा : महिन्याला किती पडते.